मामांची चिठ्ठी : पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली

वाचकहो, आपल्या धाराशिव जिल्ह्यातून दरवर्षी किती मुले-मुली शिक्षणासाठी लातूर, सोलापूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर येथे जातात, हे आपण पाहतच आहात. त्यांतील काही यश घेऊन परततात आणि त्यांच्या नावाचे फलक चौकात लागतात. बाकीची मुले गुपचूप रात्रीच्या एसटीने उतरतात. घरात कोणी त्यांच्याशी नीट बोलत नाही, आणि पाहुणे आले की ती मागच्या खोलीत जाऊन बसतात. या दुसऱ्या प्रकारच्या मुलांसाठी, आणि त्याहून अधिक त्यांच्या आई-वडिलांसाठी, या महिन्यात मी एक जीवनचरित्र निवडले आहे. ते एखाद्या सहाबीचे किंवा वलीचे चरित्र नाही. ते मुंबईत वाढलेल्या एका यतीम मुलाचे आहे, ज्याला पुढे जगाने डॉ. सालिम अली या नावाने ओळखले.

सालिम मोईझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म 12 नोव्हेंबर 1896 रोजी मुंबईतील सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. ते एक वर्षाचे असताना वडील मोईझुद्दीन यांचे निधन झाले आणि तीन वर्षांचे असताना आई जीनतुन्निसा यांचेही छत्र हरपले. आई-वडिलांचा चेहरा आठवावा, एवढेही वय झाले नव्हते. अशा वेळी त्यांचे मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी या भावंडांना आपल्या खेतवाडीतील घरी आणले. मामा-मामींना स्वतःचे अपत्य नव्हते. घर मध्यमवर्गीय होते. त्या घरात एकाएकी मुलांचा गोंगाट सुरू झाला आणि या दोघांनी तो आपलासा केला.

यतीमाचा सांभाळ ही गोष्ट आपल्या दीनमध्ये किती उंच स्थानावर आहे, हे वेगळे सांगायला नको. स्वतः प्रेषित मुहम्मद (स.) जन्मापूर्वीच पित्याला मुकले होते. वयाच्या सहाव्या वर्षी त्यांची आई गेली आणि आठव्या वर्षी आजोबा गेले. पुढे चुलते अबू तालिब यांनी त्यांना वाढवले. सूरह अद्-दुहामध्ये अल्लाहने आपल्या प्रेषितांना या दिवसांची आठवण करून दिली आहे आणि लगेच यतीमावर कठोर न होण्याची आज्ञा केली आहे. परंतु यतीमाला पोटभर अन्न आणि अंगभर कपडे दिले की कर्तव्य संपले, असे आपल्यापैकी अनेकजण समजतात. अमीरुद्दीन मामांनी त्याहून काय अधिक केले, ते पुढे पाहा.

मामा शिकारीचे शौकीन होते. त्यांनी लहानग्या सालिमला खेळण्यातील एक हवाई बंदूक दिली होती. त्या काळी मुले चिमण्या टिपत आणि घरी आणून खात. त्यात कोणाला गैर वाटत नसे. 1908 च्या सुमारास एके दिवशी सालिमने टिपलेली चिमणी नेहमीची नव्हती. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. मुसलमान घरातील मुलाच्या मनात साहजिकच शंका आली की असा पक्षी खाणे जाईज आहे की नाही? तो मृत पक्षी घेऊन मुलगा मामांकडे गेला.

येथे क्षणभर थांबा आणि आपल्या घरात असे घडले तर काय होईल, याचा प्रामाणिकपणे विचार करा. दहा-बारा वर्षांचे पोर मेलेली चिमणी हातात धरून तुमच्यासमोर येते. तुम्ही कामात आहात. दुकानाचा हिशेब आहे, किंवा हातात मोबाईल आहे. आपल्यापैकी बहुतेकांचे उत्तर मला ठाऊक आहे.

मामांनी तो पक्षी हातात घेऊन पाहिला. त्यांनाही तो ओळखता आला नाही. तेव्हा त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्या नावे एक चिठ्ठी लिहिली आणि त्या मुलालाच चिठ्ठी व पक्षी देऊन तिकडे पाठवले. इंग्रजांचे राज्य होते आणि मिलार्ड इंग्रज होते. एवढ्याशा मुलाने गोऱ्या साहेबासमोर उभे राहायचे, ही त्या काळी सामान्य गोष्ट नव्हती. मिलार्ड यांनी त्याला हाकलून दिले नाही. त्यांनी ती पिवळ्या कंठाची चिमणी असल्याचे सांगितले, कपाटे उघडून पेंढा भरलेले नाना प्रकारचे पक्षी दाखवले आणि वाचायला पुस्तके दिली. पुढे पक्ष्याचे कातडे सोलून जतन करण्याचे व नोंदी ठेवण्याचे शिक्षणही त्याला तेथेच मिळू लागले. एका मामाची चार ओळींची चिठ्ठी आणि एका परक्या माणसाने दिलेला थोडा वेळ, एवढ्यावर हे सारे घडले.

हदीसच्या ग्रंथांत अबू उमैर या बालकाचा प्रसंग आला आहे. हजरत अनस (रजि.) यांच्या या धाकट्या भावाने एक छोटा पक्षी पाळला होता. तो पक्षी मेला आणि मूल खिन्न झाले. प्रेषित (स.) त्या घरी गेले असता मुलाची उदासी त्यांच्या ध्यानात आली, आणि त्यांनी अबू उमैरला नावाने हाक मारून प्रेमाने त्या पक्ष्याची चौकशी केली. ज्यांच्या खांद्यावर सगळ्या उम्मतचा भार होता, त्यांनी एका मुलाच्या पक्ष्यासाठी वेळ काढला. मदरशात आम्ही ही हदीस शिकलो तेव्हा तिच्यातून निघणाऱ्या फिकही मसाइलवर बराच वेळ चर्चा झाली होती. विद्वानांनी या एका छोट्या प्रसंगातून कितीतरी मसाइल काढले आहेत. मात्र मुलाच्या दुःखाजवळ थांबण्याची सुन्नत आपल्या घरांतून कमी होत चालली आहे, असे मला वाटते.

यानंतर सालिम अलींचा मार्ग सरळ झाला असेल, असे तुम्हांला वाटेल. तसे मुळीच झाले नाही. तेराव्या वर्षापासून त्यांना सतत डोकेदुखीने ग्रासले. शाळा वारंवार बुडू लागली. कोरड्या हवेने बरे वाटेल, म्हणून त्यांना सिंधमध्ये एका नातेवाइकांकडे पाठवण्यात आले. 1913 साली ते मॅट्रिकची परीक्षा कशीबशी उत्तीर्ण झाले. सेंट झेवियर्स कॉलेजात प्रवेश घेतला, पण पहिले वर्षच जड गेले आणि त्यांनी कॉलेज सोडले. मग ब्रह्मदेशातील तव्हॉय येथे कुटुंबाचा वुल्फ्रॅम धातूच्या खाणीचा आणि लाकडाचा व्यवसाय पाहण्यासाठी ते गेले. त्या जंगलात त्यांचे मन व्यापारापेक्षा पाखरांतच अधिक रमले. 1917 मध्ये ते परत आले.

आजच्या भाषेत सांगायचे, तर एकवीस वर्षांचा, पदवी नसलेला, धंद्यात न रमलेला मुलगा घरी परतला होता. घराने त्याच्यासाठी दार बंद केले नाही. त्यांनी दावर कॉलेजात वाणिज्य कायदा आणि हिशेबाचे शिक्षण सुरू केले. सेंट झेवियर्सचे फादर ब्लॅटर यांना त्यांची आवड कळली आणि त्यांनी प्राणिशास्त्र शिकण्याचा आग्रह धरला. सकाळी हिशेबाचे वर्ग आणि नंतर प्राणिशास्त्राचे, असा क्रम चालला. पोटासाठी एक विद्या आणि मनासाठी दुसरी, हा मार्ग आपल्या मुलांनाही सुचवण्यासारखा आहे. डिसेंबर 1918 मध्ये तहमीना बेगम यांच्याशी त्यांचा निकाह झाला.

झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियातील पक्षितज्ज्ञाचे पद त्यांना मिळाले नाही, कारण विद्यापीठाची पदवी नव्हती. 1926 मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये मार्गदर्शक व्याख्याता म्हणून नोकरी मिळाली. पगार दरमहा 350 रुपये. दोन वर्षांनी रजा घेऊन ते बर्लिनला गेले आणि प्राध्यापक एर्विन श्ट्रेझेमान यांच्याजवळ शिकले. त्यांना ते आयुष्यभर आपले गुरू मानत राहिले. 1930 मध्ये परतले, तो पैशाअभावी त्यांचे पदच रद्द झालेले! वय चौतिशीला आलेले, हाती उत्तम विद्या आणि उत्पन्नाचे साधन मात्र नाही.

या वेळी तहमीना बेगम यांनी दिलेली साथ मला या चरित्रातील सर्वांत मोलाची वाटते. पतीने विषयच सोडून एखाद्या पेढीवर बसावे, असा हट्ट त्यांनी धरला नाही. दोघेही अलिबागजवळच्या किहीम या समुद्रकाठच्या गावी राहायला गेले. तेथे झाडावर सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. बेकारीच्या त्या दिवसांत सालिम अलींनी तासन् तास बसून तिचे निरीक्षण केले. नर अर्धे घरटे विणतो, मादी येऊन ते तपासते आणि पसंत पडले तरच त्यात राहते. मग नर ते पूर्ण करतो व पुढे दुसरे घरटे विणायला घेतो. (आपल्या मराठीने मात्र विणकामाचे सारे श्रेय सुगरणीला देऊन टाकले आहे.) हे निरीक्षण प्रसिद्ध झाले आणि जाणकारांच्या जगात त्यांचे नाव झाले.

पुढे त्यांनी संस्थानांतील पक्ष्यांच्या पाहणीचे काम अंगावर घेतले. पगार नको, केवळ खर्च द्यावा, अशी त्यांची तयारी होती. पहिली मोठी पाहणी 1931-32 मध्ये निजामाच्या हैदराबाद संस्थानाची झाली. तेव्हा आपला जिल्हाही याच संस्थानात होता, हे वाचकांना ठाऊक आहेच. तहमीना बेगम तंबूतील मुक्कामांत सोबत असत, व्यवस्था पाहत आणि पतीचे लेखन वाचून सुधारणा सुचवत. 1939 मध्ये एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले. सालिम अली कोसळले. तेव्हा बहीण कम्मू आणि मेहुणे हसन अली यांनी त्यांना आपल्या घरी नेले आणि पुढील दीर्घ आयुष्य ते याच कुटुंबात राहिले. भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे प्रसिद्ध पुस्तक 1941 मध्ये निघाले, ते या घराच्या आधाराने.

एक गोष्ट लपवून ठेवणे मला योग्य वाटत नाही. धर्माचरणाच्या बाबतीत सालिम अली आपल्यासाठी आदर्श आहेत, असे मी म्हणत नाही. लहानपणी त्यांना कुरआन वाचायला शिकवले गेले, पण अर्थ समजावला गेला नाही. काही वडीलधाऱ्यांचा धार्मिकतेचा दिखावा पाहून त्यांचे मन नमाजपासून दूर गेले, हे त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. यावर त्यांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. माझ्या मते हा मजकूर आम्हा इमामांनी आणि प्रत्येक पालकाने स्वतःसाठी वाचावा. चिमणीविषयीच्या प्रश्नाला ज्या घरात एवढे आदराने उत्तर मिळाले, त्या मुलाला आयतींचा अर्थ त्याच प्रेमाने सांगणारा कोणी भेटला असता तर? आपल्या मकतबमध्ये सिपारा पाठ करणारी मुले आपल्याला अर्थ विचारतात, तेव्हा आपण काय करतो?

पुढचे सारे प्रसिद्धच आहे. ज्यांना पदवी नाही म्हणून नाकारले गेले, त्यांना 1958 मध्ये अलीगढ मुस्लिम विद्यापीठाने सन्मान्य डॉक्टरेट दिली. त्याच वर्षी पद्मभूषण आणि 1976 मध्ये पद्मविभूषण मिळाले. 1976 मध्येच मिळालेल्या पॉल गेटी पुरस्काराची रक्कम त्यांनी निसर्गरक्षणाच्या निधीसाठी देऊन टाकली. माळढोक हा राष्ट्रीय पक्षी व्हावा, असे त्यांचे मत होते. मान मोराला मिळाला, तरी आपल्या शेजारी नान्नजच्या माळावर 1979 मध्ये माळढोकसाठी अभयारण्य झाले. स्वभावाने ते तापट होते. नोंदीतील चूक त्यांना खपत नसे आणि हाताखाली शिकणाऱ्या तरुणांना त्याचा अनुभव येई.

1985 मध्ये ते राज्यसभेचे सदस्य झाले आणि त्याच वर्षी त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. 20 जून 1987 रोजी, नव्वदी ओलांडल्यावर, मुंबईत त्यांचे निधन झाले. त्या आत्मचरित्राला त्यांनी नाव दिले आहे ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’, ते खेतवाडीच्या घरी मामांकडे नेलेल्या त्या चिमणीवरून.