चेझारे बेक्कारिया

चेझारे बेक्कारिया (१५ मार्च, १७३८ – २८ नोव्हेंबर, १७९४) हे इटलीतील कायदेतज्ज्ञ, अर्थशास्त्रज्ञ आणि प्रबोधनकाळातील विचारवंत होते. 'गुन्हे आणि शिक्षा' या विषयावर १७६४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या छोटेखानी ग्रंथाने युरोपातील फौजदारी न्यायपद्धतीवर दूरगामी परिणाम केला. मृत्युदंड रद्द करावा, अशी तर्कशुद्ध मांडणी करणारा हा आधुनिक युरोपातील पहिला प्रभावी ग्रंथ मानला जातो. आधुनिक दंडशास्त्राच्या अभिजात संप्रदायाचे प्रवर्तक म्हणूनही बेक्कारिया ओळखले जातात.

प्रारंभिक जीवन

बेक्कारिया यांचा जन्म मिलान येथे एका सरदार घराण्यात झाला. त्या काळी मिलान व भोवतालचा लोंबार्दी प्रांत ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग राजघराण्याच्या अमलाखाली होता. त्यांचे शालेय शिक्षण पार्मा येथील जेझुइट पाद्र्यांच्या विद्यालयात झाले. तेथील शिस्तीविषयी त्यांच्या मनात पुढे कायम कटुता राहिली. १७५८ मध्ये त्यांनी पाव्हिया विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली.

१७६१ मध्ये त्यांनी तेरेसा ब्लास्को या तरुणीशी विवाह केला. हा संबंध घराण्याच्या तोलामोलाचा नाही, असे वडिलांचे मत होते. विवाह रोखण्यासाठी त्यांनी तत्कालीन कायद्याने पित्याला दिलेल्या अधिकाराचा वापर करून मुलाला काही काळ घरात स्थानबद्ध करविले. बेक्कारिया बधले नाहीत. विवाहानंतर काही काळ दांपत्याला आर्थिक ओढाताण सोसावी लागली. अखेर मित्रांच्या मध्यस्थीने पितापुत्रांचा समेट झाला. १७६२ मध्ये त्यांना जुलिया ही कन्या झाली. प्रख्यात इटालियन कादंबरीकार आलेस्सांद्रो मांझोनी हे या जुलियाचे पुत्र होत.

मित्रमंडळ आणि ग्रंथाची पार्श्वभूमी

मिलानमध्ये पिएत्रो आणि आलेस्सांद्रो वेर्री या बंधूंनी तरुण सुधारकांचे एक मंडळ स्थापन केले होते. तेथील चर्चा इतक्या हमरीतुमरीवर येत, की मंडळाला विनोदाने 'मुष्टिमंडळ' असे नाव पडले. १७६४ ते १७६६ या काळात मंडळाने 'इल काफे' हे नियतकालिक चालविले आणि बेक्कारिया यांनी त्यात लेखन केले. त्यांचा पहिला प्रबंध मात्र दंडशास्त्रावर नव्हता. मिलान राज्याच्या नाणेव्यवस्थेतील गोंधळ व त्यावरील उपाय हा त्याचा विषय होता आणि तो १७६२ मध्ये प्रसिद्ध झाला.

फौजदारी कायद्याचा विषय त्यांना मित्रांनी सुचविला. आलेस्सांद्रो वेर्री हे मिलानमध्ये कैद्यांच्या हितरक्षणाचे सरकारी काम पाहत असल्याने तुरुंगांची स्थिती त्यांना प्रत्यक्ष ठाऊक होती, तर पिएत्रो वेर्री यांना छळाच्या इतिहासात रस होता. त्या काळी युरोपातील बहुतेक देशांत कबुलीजबाब मिळविण्यासाठी आरोपीचा छळ करणे कायदेशीर होते. तपास गुप्तपणे चाले, निनावी तक्रारी ग्राह्य धरल्या जात आणि चोरीसारख्या गुन्ह्यांनाही मृत्युदंड होई. चाकावर हाडे मोडून ठार मारण्यासारख्या शिक्षा भर चौकात दिल्या जात. मिलान शहराला याची एक जुनी आठवण होती. १६३० च्या प्लेगमध्ये रोग पसरविल्याच्या संशयावरून काही निरपराध माणसांचा छळ करून त्यांच्याकडून कबुली घेण्यात आली व त्यांना ठार करण्यात आले. त्यांपैकी एकाचे घर पाडून तेथे उभारलेला निंदास्तंभ बेक्कारियांच्या तरुणपणीही उभा होता.

'गुन्हे आणि शिक्षा'

मार्च १७६३ मध्ये लिहावयास घेतलेला हा ग्रंथ १७६४ मध्ये लिव्होर्नो येथे छापला गेला. कारवाईच्या भीतीने लेखकाचे नाव त्यावर घातले नव्हते. त्या वेळी बेक्कारिया अवघे सव्वीस वर्षांचे होते.

सामाजिक करार हा ग्रंथाचा पाया आहे. माणसे सुरक्षिततेसाठी आपल्या स्वातंत्र्याचा लहानात लहान अंश समाजाच्या स्वाधीन करतात आणि या अंशांच्या बेरजेतूनच राज्यसंस्थेला शिक्षा देण्याचा अधिकार मिळतो. म्हणून समाजरक्षणासाठी आवश्यक असेल त्याहून अधिक दिलेली प्रत्येक शिक्षा अन्याय्य ठरते. या तत्त्वावरून बेक्कारिया यांनी पुढील निष्कर्ष काढले :

- शिक्षा केवळ कायद्यानेच ठरवावी. कायदे सर्वांना समजतील अशा भाषेत आणि लिखित असावेत.
- खटले उघडपणे चालावेत. गुप्त आरोप ग्राह्य धरू नयेत.
- शिक्षा गुन्ह्याच्या प्रमाणात असावी आणि गुन्ह्याचे मोजमाप समाजाला झालेल्या हानीवरून करावे.
- सरदार व सामान्य नागरिक यांना समान शिक्षा असावी.
- शिक्षेची जरब तिच्या क्रौर्यावर अवलंबून नसते. ती अटळ आणि तत्पर असण्यावर असते.
- छळ पूर्णपणे बंद करावा, कारण त्यातून धडधाकट गुन्हेगार सुटतो आणि अशक्त निरपराध अडकतो.

मृत्युदंडाविषयीचे विचार

मृत्युदंडावरील प्रकरण हा ग्रंथाचा सर्वांत गाजलेला भाग आहे. त्यातील पहिला मुद्दा हक्काचा आहे. सामाजिक करार करताना कोणीही आपला जीव घेण्याचा अधिकार दुसऱ्याच्या हाती देणार नाही. त्यामुळे मृत्युदंड हा राज्याचा हक्क ठरत नाही; ते संपूर्ण राष्ट्राने एका नागरिकाविरुद्ध पुकारलेले युद्ध ठरते.

दुसरा मुद्दा उपयुक्ततेचा आहे. क्षणभराच्या तीव्र दृश्यापेक्षा दीर्घकाळ डोळ्यांसमोर राहणारे दृश्य माणसाच्या मनावर खोल ठसा उमटविते. वधस्तंभाचा देखावा लवकर विसरला जातो आणि बघ्यांच्या मनात कित्येकदा गुन्हेगाराविषयी कणवच निर्माण होते. उलट स्वातंत्र्य गमावून जन्मभर सक्तमजुरी करणारा कैदी लोकांना सतत इशारा देत राहतो. तिसरा मुद्दा नैतिक आहे. हत्येचा निषेध करणारा कायदा स्वतःच विचारपूर्वक आणि समारंभाने हत्या करू लागला, तर समाजापुढे तो क्रौर्याचाच आदर्श ठेवतो. मृत्युदंडावाचून राज्य चालू शकते, याचे उदाहरण म्हणून त्यांनी रशियाची सम्राज्ञी एलिझाबेथ हिच्या कारकिर्दीकडे बोट दाखविले.

बेक्कारिया यांचा विरोध त्या वेळी संपूर्णपणे निरपवाद नव्हता. अराजकाच्या काळात कैदेत असूनही एखादी व्यक्ती राष्ट्राच्या सुरक्षिततेस धोका निर्माण करू शकत असेल, तर तिच्यापुरता अपवाद त्यांनी मान्य केला होता. तसेच मृत्यूहून अन्य कोणत्याही मार्गाने इतरांना गुन्ह्यापासून परावृत्त करता येत नसेल, तर तो आवश्यक ठरू शकेल असे त्यांनी म्हटले. मात्र इतिहासाच्या अनुभवावरून तशी गरज सिद्ध होत नाही, असेच त्यांचे प्रतिपादन होते.

प्रसिद्धी आणि पॅरिसचा प्रवास

ग्रंथावर सनातनी वर्तुळातून लगेच हल्ला झाला. १७६५ मध्ये फर्दिनांदो फाक्किनेई या धर्मगुरूने लेखकावर धर्मद्रोह व राजद्रोहाचे आरोप केले. त्यांना वेर्री बंधूंनी उत्तर दिले. १७६६ मध्ये रोमन कॅथलिक चर्चने ग्रंथाचा समावेश निषिद्ध पुस्तकांच्या सूचीत केला. तरीही त्याचा प्रसार थांबला नाही. मोरले यांचे फ्रेंच भाषांतर लवकरच प्रसिद्ध झाले आणि व्हॉल्तेअर यांनी १७६६ मध्ये त्यावर भाष्य लिहिले. तुलूझ येथे १७६२ मध्ये ठार करण्यात आलेल्या निरपराध झाँ कालास याच्या बाजूने व्हॉल्तेअर यांनी नुकताच लढा दिला होता. त्यामुळे फ्रान्समध्ये वातावरण अनुकूल होते. १७६७ मध्ये इंग्रजी भाषांतर निघाले.

१७६६ च्या शरद ऋतूत बेक्कारिया आलेस्सांद्रो वेर्री यांच्यासह पॅरिसला गेले. तेथील तत्त्वज्ञांनी त्यांचा सत्कार केला. परंतु अबोल व संकोची स्वभावाच्या बेक्कारिया यांना घराची ओढ लागली आणि ठरल्यापेक्षा बरेच आधी ते मिलानला परतले. या प्रसंगानंतर वेर्री बंधूंशी त्यांचे संबंध दुरावले. रशियाची सम्राज्ञी कॅथरिन दुसरी हिने दिलेले निमंत्रणही त्यांनी नाकारले. तिने १७६७ मध्ये काढलेल्या कायदेविषयक आदेशपत्रात मात्र त्यांच्या विचारांचा मोठा आधार घेतलेला दिसतो.

शासकीय सेवा आणि १७९२ चे मतपत्र

१७६८ मध्ये मिलान येथे बेक्कारिया यांची अर्थशास्त्राच्या अध्यापनासाठी नियुक्ती झाली. त्यांची व्याख्याने मृत्यूनंतर, १८०४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. १७७१ पासून ते शासनाच्या सर्वोच्च अर्थमंडळात होते. नाणी, धान्यव्यवहार, वजने-मापे अशा विषयांवर त्यांनी अहवाल लिहिले. मोजमापांसाठी दशमान पद्धतीची शिफारसही केली. १७७४ मध्ये तेरेसा यांचे निधन झाले व त्याच वर्षी त्यांनी दुसरा विवाह केला.

१७९१ मध्ये लोंबार्दीच्या फौजदारी कायद्याच्या सुधारणेसाठी नेमलेल्या समितीत त्यांना स्थान मिळाले. समितीचे बहुमत मृत्युदंड ठेवण्याच्या बाजूचे होते. बेक्कारिया यांनी गाल्लाराती स्कोत्ती आणि रीझी या दोन सदस्यांसह १७९२ मध्ये विरोधी मतपत्र दिले. त्यात १७६४ च्या ग्रंथात ठळकपणे नसलेला एक मुद्दा पुढे आला : मनुष्याचा न्याय चुकू शकतो आणि मृत्युदंड दिल्यावर झालेली चूक दुरुस्त करता येत नाही. पुढील काळात मृत्युदंडविरोधी चळवळीचा हाच प्रमुख आधार झाला. २८ नोव्हेंबर, १७९४ रोजी मिलान येथे बेक्कारिया यांचे निधन झाले.

प्रभाव

तोस्कानाचा अधिपती लिओपोल्ड याने ३० नोव्हेंबर, १७८६ रोजीच्या दंडसंहितेद्वारे आपल्या राज्यात छळ आणि मृत्युदंड दोन्ही रद्द केले. मृत्युदंड मात्र १७९० मध्ये काही गुन्ह्यांसाठी परत आणण्यात आला. आवश्यक तेवढ्याच शिक्षा कायद्याने ठरवाव्यात, हे तत्त्व १७८९ च्या फ्रेंच मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात आले. इंग्लंडमध्ये ब्लॅकस्टोन व बेंथम, तर अमेरिकेत जेफरसन यांच्या लेखनावर त्यांचा प्रभाव पडला. बेंथमच्या विचारांची छाप असलेल्या मेकॉले यांच्या आयोगाने १८३७ मध्ये भारतीय दंडसंहितेचा मसुदा तयार केला. इटलीने १८८९ मध्ये मृत्युदंड रद्द केला. फॅसिस्ट राजवटीने तो परत आणला आणि १९४८ च्या संविधानाने शांतताकाळासाठी तो पुन्हा रद्द झाला.

भारतात बच्चनसिंग खटल्यात (१९८०) सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने मृत्युदंड वैध ठरविला, मात्र तो दुर्मिळातील दुर्मीळ प्रकरणांपुरता मर्यादित केला. या वादातही जरब आणि न्यायदानातील चुकीची शक्यता हे दोन मुद्दे केंद्रस्थानी होते.

टीका

इमॅन्युएल कांट यांनी १७९७ मध्ये बेक्कारिया यांच्या युक्तिवादाचे खंडन केले. शिक्षा ही गुन्हेगाराच्या संमतीवर आधारलेली नसून गुन्ह्याची न्याय्य परतफेड असते, असे त्यांचे म्हणणे होते. हेगेल यांनीही सामाजिक कराराचा आधार अमान्य केला. जन्मभराची सक्तमजुरी मृत्यूहून अधिक जरब बसविणारी आहे असे म्हणताना बेक्कारिया यांनी एका क्रौर्याच्या जागी दुसरे आणले, असाही आक्षेप घेतला जातो. ग्रंथाचे खरे श्रेय पिएत्रो वेर्री यांचे असल्याचा दावा अधूनमधून झाला. परंतु अभ्यासकांनी तो सामान्यतः स्वीकारलेला नाही.