आकाशातील वीज ओळखणारा फ्रँकलिन

बारामती, इंदापूर परिसरात एप्रिल-मेमध्ये वळवाचे ढग दाटतात ते बहुधा दुपारनंतर, म्हणजे मुलांच्या मैदानी सरावाच्याच वेळी. खेळ केव्हा थांबवावा, या प्रश्नाचे उत्तर शोधताना बेंजामिन फ्रँकलिन यांचे चरित्र उपयोगी पडते.

अमेरिकेतील बोस्टन येथे १७ जानेवारी १७०६ रोजी साबण व मेणबत्त्या बनविणाऱ्या कारागिराच्या घरी त्यांचा जन्म झाला. दहाव्या वर्षी शाळा सुटली. बाराव्या वर्षी ते भावाच्या छापखान्यात उमेदवारी करू लागले. फिलाडेल्फियात मुद्रक म्हणून यश मिळविल्यावर १७४८ मध्ये व्यवसायातून निवृत्त होऊन ते विजेच्या अभ्यासाकडे वळले. १७५२ मध्ये त्यांनी वादळी ढगांत पतंग उडवून विजेचे स्वरूप तपासले. त्या वेळी ते आडोशाला उभे होते आणि पतंगावर वीज कोसळली नव्हती. पुढच्याच वर्षी सेंट पीटर्सबर्ग येथे अशाच प्रयोगात जॉर्ज रिचमन हे शास्त्रज्ञ प्राणास मुकले.

अमेरिकेच्या १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर स्वाक्षरी करणाऱ्या फ्रँकलिन यांचे १७ एप्रिल १७९० रोजी निधन झाले.

त्यांनी सुचविलेला तडितरक्षक इमारतीचे रक्षण करतो, उघड्या मैदानावरील मुलांचे नव्हे. त्यामुळे गडगडाट ऐकू येताच प्रशिक्षकांनी खेळ थांबवावा, मुलांना झाडाखाली न थांबविता पक्क्या इमारतीत न्यावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे मैदान बंद ठेवावे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप पूर्वसूचनेसाठी उपयुक्त आहे. मात्र सूचना आली नाही म्हणून गडगडाटाकडे दुर्लक्ष करू नये.