निंदेला कामाचे उत्तर

लखनौच्या अमीनाबाद बाजारात १८ एप्रिल १८७० रोजी एका खोलीत मुलींची शाळा भरली. विद्यार्थिनी अवघ्या सहा. लोक विरोधास उठतील या भीतीने दाराशी बांबूची काठी घेतलेला एक तरुण पहाऱ्यास ठेवला होता. शाळेच्या संस्थापिका कु. इझाबेला थोबर्न (१८४०–१९०१) त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेहून मुंबईस उतरल्या होत्या.

बाहेरच्या विरोधास काठी पुरली. घरच्या टीकेस ती कशी पुरावी? १८८६ साली त्यांनी महाविद्यालयाचे वर्ग सुरू केले, तेव्हा हिंदी स्त्रीस उच्च शिक्षण हवेच कशाला, अशी शंका मिशनकार्यातील स्वकीयही घेऊ लागले. आपल्या माणसांचे बोल अधिक लागतात. तथापि इझाबेलाबाईंनी वर्ग बंद केले नाहीत. यरुशलेमेचा कोट बांधणारा नहेम्या विरोधकांनी वारंवार बोलावूनही काम टाकून खाली उतरला नाही, त्याच वृत्तीने त्या शिकवीत राहिल्या.

१९०० साली न्यूयॉर्क येथील जागतिक मिशनरी परिषदेत त्यांच्या विद्यार्थिनी, प्राध्यापिका लीलावती सिंग यांनी भाषण केले. सर्व आक्षेपांस ते उत्तर पुरेसे होते. पुढल्याच वर्षी, १ सप्टेंबरला, पटकीच्या आजाराने इझाबेलाबाई लखनौ येथे प्रभूमध्ये निजल्या. ते महाविद्यालय आज त्यांच्याच नावाने उभे आहे.

प्रिय वाचकहो, टीका रास्त असेल तर आपण सुधारावे. अन्याय्य असेल तर न्याय प्रभूवर सोपवावा आणि त्याने नेमून दिलेले काम मात्र हातचे सोडू नये.