झुरळाच्या धावेचा हिशेब मांडणारे केनेथ रोडर

रात्री स्वयंपाकघरात झुरळ दिसावे, आपण वहाण उगारून नेम धरावा आणि ती खाली आदळण्यापूर्वीच ते फडताळाखाली नाहीसे व्हावे, हा अनुभव आमच्या वाचकांपैकी कोणास नाही? वहाणेने पुढे लोटलेली हवाच झुरळास वर्दी देते. ही वर्दी पायांपर्यंत कशी पोहोचते, हे ज्यांनी मोठ्या चिकाटीने शोधिले, त्या केनेथ रोडर यांचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

त्यांचा जन्म १९०८ साली इंग्लंडात झाला. केंब्रिज येथे शिकून ते पुढे अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील टफ्ट्स कॉलेजात अध्यापक झाले व तेथेच रमले.

झुरळाच्या पोटाच्या मागील टोकास दोन बारीक शिंगांसारखी उपांगे असतात. त्यांवरील नाजूक केस वाऱ्याने हलताच मुळाशी असलेले ज्ञानतंतू जागे होतात. असे पुष्कळ बारीक तंतू शेवटच्या मज्जाग्रंथीत थोड्याशाच जाड तंतूंस भिडतात, आणि हे जाड तंतू संदेश घेऊन छातीकडे, जेथून पाय हलविले जातात तेथे, धावतात. जाड तंतूतून संदेश लवकर जातो. तेव्हा चपळाईचे सारे श्रेय त्यांसच द्यावे, असे कोणासही वाटेल. रोडर यांनी तसे गृहीत धरिले नाही. फुंकर लागल्यापासून पाय उचलेपर्यंतच्या वेळेचा त्यांनी टप्प्याटप्प्याने हिशेब मांडिला. एकंदर वेळ सेकंदाचे सुमारे ५० सहस्रांश; पैकी जाड तंतूंतील प्रवासास लागतात अवघे तीन-एक! बाकीचा पुष्कळसा वेळ सांध्यांवर, म्हणजे एक तंतू संपून दुसरा सुरू होतो तेथे, खर्ची पडतो. हरकारा कितीही धावला तरी चौकीवर थैली बदलताना खोळंबा व्हावा, तशातलाच हा प्रकार. शिवाय पायांच्या तंतूंशी होणारा सांधा मोठा लहरी. संदेश येऊनही तो कधी पुढे जाई, कधी न जाई. हा वृत्तांत १९४८ साली प्रसिद्ध झाला.

डी.डी.टी.ने कीटकांचे ज्ञानतंतू कसे वृथा संदेश पाठवीत सुटतात, हेही त्यांनी त्याच सुमारास झुरळावर तपासले. पुढे १९५७ पासून ॲशर ट्रीट यांच्यासह त्यांनी पतंगाच्या कानांकडे लक्ष वळविले. एकेका कानात ध्वनी टिपणाऱ्या दोनच पेशी. पण तेवढ्यावर पतंग वटवाघळाचा सूक्ष्म आवाज ओळखतो. शत्रू दूर असेल तर तो दिशा बदलून निघून जातो, जवळ आला असेल तर पंख मिटून धाडकन खाली पडतो.

रोडर १९७९ साली निवर्तले. त्याच्या आदल्याच वर्षी जेफ्री कॅम्ही यांनी सहकाऱ्यासह दाखविले की झुरळ नुसते पळत सुटत नाही. वारा ज्या बाजूने आला तिच्या उलट दिशेस ते आधी वळते. आमच्या वहाणेचा नेम चुकतो त्याचे हेही एक कारण होय.