आयर्विंग लँगम्यूर आणि माझा काळा पडलेला बल्ब

कराडकडे साखर कारखाने सुरू झाले की रात्री गाडी चालवणं काय असतं ते आमच्या भागातल्या पोरांना सांगायला नको. गेल्या हिवाळ्यात सबमिशन उरकून बाबांच्या जुन्या शंभर सीसीच्या गाडीवरून घरी निघालो होतो. पुढे उसाची बैलगाडी, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. ती दिसली तेव्हा पंधरा-वीस फूटच अंतर उरलं होतं. हँडल वळवलं, साइडपट्टीवर घसरलो, खरचटण्यावर निभावलं.

दुसऱ्या दिवशी 35/35 वॅटचा बल्ब काढला आणि होल्डरसकट 60/55 वॅटचा बसवून घेतला. जास्त वॅट म्हणजे जास्त उजेड, एवढं साधं गणित! पण आठवड्याभरात वायरीचं कव्हर पाघळलं, आणि गाडी स्लो झाली की उजेड आधीपेक्षाही पिवळा. काढलेला जुना बल्ब टेबलावर पडून होता, आतून काळपट. तो काळा का पडतो हे शोधायला लायब्ररीत गेलो आणि तिथे आयर्विंग लँगम्यूर भेटला. हो, आपण ज्याचा ॲडसॉर्प्शन आयसोथर्म परीक्षेपुरता पाठ करतो, तोच!

लँगम्यूरचा जन्म 31 जानेवारी 1881 चा, न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचा. जे दिसेल ते बारकाईने पाहायचं आणि लिहून ठेवायचं, ही सवय आई-वडिलांनी लावली. गंमत अशी की त्याची नजर अधू आहे हे तो अकरा वर्षांचा होईपर्यंत कळलंच नव्हतं. त्यावर इलाज झाला आणि आजवर हुकलेले बारकावे दिसू लागले. पुढे याच माणसाने दिव्यांवर काम केलं, याचं मला फार नवल वाटतं.

1903 साली तो कोलंबिया विद्यापीठातून मेटलर्जीचा इंजिनिअर झाला. मग जर्मनीत गटिंगेनला नर्न्स्टच्या हाताखाली, तापलेल्या तारेजवळ वायूंचं काय होतं यावर संशोधन करून 1906 मध्ये डॉक्टरेट घेतली. परत येऊन होबोकेनच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवू लागला. 1909 च्या उन्हाळी सुट्टीत तो स्केनेक्टडीला जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत गेला, तो 1950 पर्यंत तिथलाच झाला.

तेव्हा टंगस्टनच्या तारेचे बल्ब नवे होते, पण ते आतून काळे पडत. सगळ्यांचं मत एकच, आतला निर्वात कमी पडतोय, तो अजून चांगला करा. लँगम्यूरने उलटं केलं. निर्वात खराब असला तर नेमकं काय बिघडतं हे पाहायला त्याने बल्बमध्ये मुद्दाम एकेक वायू सोडला. प्रयोगशाळेचा प्रमुख व्हिटनी याने त्याला लगेच कमाई दाखव म्हणून घाई केली नाही, हेही महत्त्वाचं.

त्यातून कळलं की पाण्याची वाफ थोडी असली तरी वाईट, पण चांगला निर्वात असलेल्या बल्बमध्ये मूळ दोष निर्वाताचा नाहीच. तापलेल्या तारेतून टंगस्टनची वाफ होते आणि ती काचेवर जाऊन बसते. नायट्रोजन भरला तर ही वाफ कमी होते, मात्र वायू तारेची उष्णताही पळवतो. यावरही मोजमाप केल्यावर तोड सापडली. तारेभोवती वायूचा जवळजवळ स्थिर थर असतो. बारीक तारेचं त्यामुळे जास्त नुकसान होतं, जाड तारेचं त्या मानाने कमी. मग बारीक तारेचं स्प्रिंगसारखं वेटोळं केलं की ती जाड तारेसारखी वागते! 1913 मध्ये असे वायू भरलेले दिवे तयार झाले. मोठ्या दिव्यांत एका कँडलपॉवरला जिथे एक वॅटच्या आसपास लागायचा तिथे अर्ध्यावर भागू लागलं. पुढे नायट्रोजनच्या जागी आरगॉन आला. हॅलोजन बल्ब 1959 चा, म्हणजे लँगम्यूरच्या मागून आलेला. त्यात आयोडीनसारखा वायू उडालेलं टंगस्टन काचेवर बसू न देता तारेकडे परत आणतो.

तापलेल्या तारांवरूनच तो पृष्ठभागांच्या रसायनशास्त्राकडे वळला आणि 1932 चं नोबेल मिळालं. पण त्याचंही सगळंच बरोबर आलं असं नाही. 1946 नंतर कृत्रिम पावसाच्या प्रयोगांत तो रमला आणि त्याने केलेले मोठमोठे दावे हवामानतज्ज्ञांनी मान्य केले नाहीत. मोजमापाने मोठा झालेला माणूस तिथे मोजमापाच्या पुढे गेला, असं मला वाटतं. 16 ऑगस्ट 1957 ला तो गेला.

हे सगळं वाचून मी मल्टिमीटर घेऊन गाडीपाशी बसलो. आमच्या गाडीचा हेडलाइट थेट मॅग्नेटोवर चालतो, म्हणजे इंजिन जेवढं फिरेल तेवढीच वीज. 60 वॅट मागितल्यावर व्होल्टेज कोसळणारच. व्होल्टेज दहा टक्के घटलं तर उजेड सुमारे तीस टक्के घटतो. बल्बपाशी मोजलं तर काही व्होल्ट गंजलेल्या अर्थिंगमध्ये आणि स्विचमध्येच मुरत होते. ते घासून साफ केले, मळका रिफ्लेक्टर बदलला, 35/35 चाच हॅलोजन बसवला (काचेला बोट न लावता) आणि रात्री भिंतीसमोर गाडी उभी करून झोत खाली उतरवला. आता रस्ता स्पष्ट दिसतो, आणि समोरचा सायकलवाला डोळ्यांवर हात धरत नाही.

पण 35 वॅट ते 35 वॅटच. मागे काहीच नसलेली बैलगाडी अजूनही उशिराच दिसते, म्हणून वेग मी कमी केला. आणि यंदाच्या सीझनला आम्ही चौघा मित्रांनी वर्गणी काढून लाल रिफ्लेक्टर पट्टीचे दोन रोल आणलेत. कारखान्याच्या गेटवर गाड्या रांगेत थांबतात, तिथेच चिकटवायच्या. कोण कोण येतंय?