मुंबईसाठी अर्थमंत्रिपद सोडणारे चिंतामणराव देशमुख

देशाचे माजी अर्थमंत्री आणि रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी महाडजवळील नाते या गावी झाला. १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत ते मुंबई इलाख्यात पहिले आले आणि संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. केंब्रिजमध्ये वनस्पतिशास्त्राचे अध्ययन केल्यानंतर १९१८ मध्ये लंडनला झालेल्या आयसीएस परीक्षेतही त्यांचा क्रमांक पहिलाच होता. पुढील दोन दशके मध्य प्रांत व वऱ्हाडच्या प्रशासनात गेली. १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले.

जुलै १९४४ मध्ये अमेरिकेतील ब्रेटन वुड्स परिषदेत ४४ देशांनी युद्धोत्तर अर्थव्यवस्थेची घडी बसवली. देश पारतंत्र्यात असल्याने भारतीय शिष्टमंडळाचे नेतृत्व इंग्रज अधिकारी सर जेरेमी रेझमन यांच्याकडे होते. तथापि त्यात देशमुख यांच्यासह षण्मुखम् चेट्टी व अर्देशीर श्रॉफ हेही होते. युद्धकाळात ब्रिटनकडे साचलेल्या भारताच्या पौंड शिलकीचा प्रश्न त्यांनी मांडला. ती मागणी मान्य झाली नाही, परंतु नव्या नाणेनिधीत भारताला ४० कोटी डॉलरचा वाटा मिळाला. नाणेनिधी आणि जागतिक बँकेच्या गव्हर्नर मंडळांवर देशमुख त्यानंतर दहा वर्षे होते.

१९५० मध्ये ते केंद्रीय अर्थमंत्री झाले आणि १९५२ मध्ये कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. इंपीरियल बँकेचे स्टेट बँकेत रूपांतर आणि आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण हे दोन्ही निर्णय त्यांच्याच कारकिर्दीतील. मात्र महाराष्ट्राच्या स्मरणात राहिला तो त्यांचा राजीनामा. मुंबई केंद्रशासित ठेवण्याची घोषणा मंत्रिमंडळाला विश्वासात न घेता झाली आणि मुंबईतील गोळीबाराची चौकशीही टाळली गेली, असा आक्षेप त्यांनी जुलै १९५६ मध्ये थेट लोकसभेत पंतप्रधान नेहरूंच्या समोर मांडला. विशेष म्हणजे, १९५३ मध्ये दुर्गाबाईंशी झालेल्या त्यांच्या विवाहाला हेच नेहरू साक्षीदार होते. दोघांतील स्नेहही तुटला नाही. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद देशमुखांकडे आले.

१९५९ मध्ये त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. जुलै १९६९ मध्ये बंगळूरच्या बैठकीत काँग्रेसने राष्ट्रपतिपदासाठी नीलम संजीव रेड्डी यांचे नाव निश्चित केल्यावर स्वतंत्र पक्ष व जनसंघाने देशमुखांना उभे केले. व्ही. व्ही. गिरी विजयी झाले, देशमुख तिसऱ्या क्रमांकावर राहिले.

मेघदूताचा मराठी पद्यानुवाद करणाऱ्या या अर्थतज्ज्ञाचा संस्कृतचा व्यासंग अखेरपर्यंत टिकला. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबाद येथे त्यांचे निधन झाले.