एका शब्दासाठी वेचलेले आयुष्य

युद्धात नागरिकांच्या मृत्यूचे आकडे वाढू लागले, की त्याला वंशसंहार म्हणावे की नाही, हा वाद पेटतो. बोस्नियाच्या युद्धावरून तो झाला. गाझावरून डिसेंबर २०२३ मध्ये तो पुन्हा आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. या वादाच्या केंद्रस्थानी असलेला ‘जेनोसाइड’ हा शब्द घडविला तो राफाएल लेमकिन या पोलिश ज्यू कायदेपंडिताने.

लेमकिन यांचा जन्म २४ जून १९०० रोजी आजच्या बेलारूसमध्ये, शेतकरी कुटुंबात झाला. ऐन तारुण्यात, १९२१ मध्ये बर्लिनमधील एका खटल्याने त्यांना अस्वस्थ केले. आर्मेनियन लोकांच्या कत्तलीचे सूत्रधार मानले गेलेले तुर्की नेते तलत पाशा यांची एका आर्मेनियन तरुणाने हत्या केली होती. एकाला मारणाऱ्यावर खटला चालतो; अख्ख्या समाजाचा संहार करणाऱ्या सत्तेसाठी मात्र कायदाच नाही, ही विसंगती त्यांच्या मनात घर करून राहिली. १९३३ मध्ये माद्रिदच्या परिषदेसाठी त्यांनी तसा कायदा सुचविला; तो स्वीकारला गेला नाही.

१९३९ मध्ये जर्मनीने पोलंडवर आक्रमण केले. लेमकिन लिथुआनिया व स्वीडनमार्गे १९४१ मध्ये अमेरिकेत पोहोचले. १९४४ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी वंश या अर्थाचा ग्रीक शब्द आणि हत्या या अर्थाचा लॅटिन प्रत्यय जोडून नवा शब्द दिला. न्यूरेम्बर्गच्या आरोपपत्रात तो आला. निकालपत्रात मात्र नाही. युद्धानंतर त्यांना कळले, की आई-वडिलांसह त्यांचे ४९ नातलग मारले गेले आहेत.

त्यानंतर त्यांनी संयुक्त राष्ट्रांचे उंबरठे झिजविले. १९४६ मध्ये याविषयीचा ठराव क्युबा, पनामा आणि भारत यांनी मांडला. ९ डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये करार संमत झाला; परंतु तडजोडीत राजकीय गटांना त्यातून वगळण्यात आले. राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय वा धार्मिक समूह, त्या समूह म्हणून, पूर्णतः वा अंशतः नष्ट करण्याचा हेतू ही गुन्ह्याची मुख्य अट ठरली.

आजचा वाद घुटमळतो तो या हेतूपाशीच. केवळ मृतांच्या संख्येवरून गुन्हा सिद्ध होत नाही. २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने बोस्नियातील अनेक अत्याचार मान्य केले. वंशसंहार मात्र केवळ स्रेब्रेनिकातील १९९५ च्या हत्याकांडाला ठरविले. अर्थात, हा शब्द लागू झाला नाही म्हणजे अत्याचार माफ झाले, असे नव्हे. युद्धगुन्हे आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे हेही तितकेच दंडनीय आहेत. शिवाय करारावर वंशसंहाराच्या शिक्षेइतकीच तो रोखण्याचीही जबाबदारी आहे. निकालाची वाट पाहत बसलेल्या जगाला नेमका तिचाच विसर पडतो.

२८ ऑगस्ट १९५९ रोजी न्यूयॉर्कमध्ये लेमकिन यांचे हृदयविकाराने निधन झाले. तेव्हा ते जवळजवळ निष्कांचन होते. त्याच्या आदल्याच दिवशी भारताने करारास अधिकृत मान्यता दिली होती. लेमकिन यांनी आश्रय घेतलेल्या अमेरिकेला त्यासाठी १९८८ साल उजाडावे लागले.